नदीवरच्याचा घास

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षभर बिस्किटं, डब्यातले सॉसेज आणि दुधाची पावडर एवढंच असायचं. सगळं शहरातून बोटीनं यायचं. बोट उशिरा आली की बिस्किटं मऊ पडलेली असायची, आणि बोट आलीच नाही तर आम्हाला लवकर घरी सोडायचे. शाळा खांबांवर उभी आहे. पावसात पाणी वर आलं की खिडकीतून वाकलं तर खाली मासे दिसतात. आणि ताटात काय, तर ते गुलाबी सॉसेज! ते कुठल्या प्राण्याचं असतं हे नाझिता मावशीलासुद्धा सांगता यायचं नाही. नाझिता मावशी आमच्या शाळेत स्वयंपाक करते. तिला विचारलं की म्हणायची, "खा गुपचूप. त्या प्राण्यालाही माहीत नसेल."

मग सरकारचा नियम आला. म्हणजे तो केव्हाच आला होता म्हणे, आमच्या अनिंगाल गावापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. बिस्किटांच्याच बोटीनं निघाला असणार. नियम असा होता, की शाळेच्या जेवणासाठी जो पैसा येतो, त्यातला ठराविक भाग छोट्या शेतकऱ्यांकडून नाहीतर कोळ्यांकडून माल घेण्यातच गेला पाहिजे. त्यातही पहिला मान त्याच गावच्यांचा, मग शेजारच्यांचा, मग लांबच्यांचा. आणि माल पिकवणारी किंवा करणारी बाई असेल तर ती आणखी पुढे. सरांनी हे वर्गात समजावून सांगितलं आणि मी ताडकन उभीच राहिले.

"सर, गावची, नदीकाठची, कोळीण, आणि वर बाई! ही तर माझी आईच झाली की!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण मी गंमत करत नव्हते.

माझी आई देउझारिना. गाव तिला देउझा म्हणतं. आई पिराकुई करते, आणि तिच्यासारखी पिराकुई या काठाला कुणी करत नाही, हे मी तिची मुलगी म्हणून सांगत नाहीये, कुणालाही विचारा. आमच्याकडे अकारी नावाचा मासा असतो, काळा, चिलखत घातल्यासारखा. तो अख्खा निखाऱ्यावर भाजायचा, सोलायचा, बोटांनी चाचपून काटे काढायचे, आणि मग चुलीवरच्या मोठ्या तव्यावर परतत राहायचं. हात दुखून येतात, घाम डोळ्यांत जातो, पण थांबायचं नाही. शेवटी माशाचा वाळूसारखा कोरडा भुगा होतो. तीच पिराकुई. महिनोन्महिने टिकते. मांडिओकाचा कंद उकडून कुस्करायचा, त्यात ही पिराकुई, कांदा आणि कोथिंबीर कालवायची आणि वडे तळायचे. लिहितानाच माझ्या तोंडाला पाणी सुटलंय.

आईनं अर्ज केला, पण हौस म्हणून नाही. गेल्याच्या गेल्या पावसात माझे बाबा, ओरिवाल्दो, मोठ्या नदीवर जाळं टाकायला गेले होते. दुपारी वादळ झालं. दोन दिवसांनी त्यांची नाव खालच्या बेटापाशी उलटी सापडली. बाबा सापडले नाहीत.

त्यानंतर आमचं कसंबसं चालायचं. मानाउस शहरात माझी मावशी असते, ती सारखी निरोप पाठवायची: इकडे या, एका बंगल्यात काम आहे, राहायचं-खायचं तिथेच, पोरीला इथल्या शाळेत घालू. आई दर वेळी काहीतरी कारण काढायची. एकदा मी तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी गेले, आणि तो आला, आणि घराला कुलूप दिसलं तर?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, पाऊस येईल म्हणून कपडे आत घे म्हणावं तसं.

शेवटी आईनं मावशीला शब्द दिला, की नाताळपर्यंत बघते. शाळेनं पिराकुई घेतली तर इथेच राहीन, नाही घेतली तर येईन. म्हणजे सगळं त्या वड्यांवर येऊन ठेपलं होतं.

कागदपत्रं झाली. आमच्या शेडमध्ये जाळीचं दार बसवलं, फरशी केली, तपासणीवाले येऊन शिक्का मारून गेले. आता फक्त एक चाचणी राहिली होती. नवीन पदार्थ शाळेत सुरू करायचा तर मुलं तो खातात की नाही हे बघावं लागतं. त्यासाठी नगरपालिकेच्या आहारतज्ज्ञ लोरेना मॅडम आल्या. तशा तरुणच होत्या. बोटीतून उतरताना त्यांनी वजनाचा काटा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

"काही ठिकाणी आम्ही मुलांना चेहऱ्यांचे कागद देतो," त्या आईला म्हणाल्या. "हसरा चेहरा, रडका चेहरा. आवडेल त्यावर खूण करायची. पण छोट्या गावात त्याचा उपयोग होत नाही हो. मुलं वाढणाऱ्या बाईचं तोंड बघतात आणि हसऱ्यावर खूण करून मोकळी होतात. म्हणून मी वाढलेलं वजन करते आणि ताटात उरलेलं वजन करते. ताटं खोटं बोलत नाहीत."

"बरोबर आहे," आई म्हणाली. तिला ते फारच पटलं.

"वाढलेल्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त उरलं नाही, की झालं तुमचं काम."

त्या दिवशी शाळेत असा काही वास सुटला होता म्हणता! गणिताच्या तासाला कुणाचंही लक्ष नव्हतं. सर दोनदा ओरडले आणि मग स्वतःच दाराशी जाऊन उभे राहिले. रेनाल्दो, जो आमच्या वर्गात सगळ्यात आडदांड, तो रांगेत तिसऱ्यांदा पुढे घुसला म्हणून नाझिता मावशीनं त्याला पळीनं मारलं. वडे, भात, घेवड्याची उसळ. पोरं खाली मान घालून जेवत होती. कुणी बोलत नव्हतं, आणि आमच्या शाळेत हे कधी घडत नाही.

मग सगळी ताटं धुण्याच्या जागी आली. प्रत्येक ताटात एक घास होता.

आमच्याकडे गावातलं कुणीही पाण्यावर असेल, तर जेवण पार संपवत नाहीत. शेवटचा घास ठेवायचा. तो नदीवरच्याचा. तो परत आला की खाईल, दिवेलागणीपर्यंत नाही आला तर कोंबड्यांना. सगळं चाटूनपुसून खाल्लं, तर आता कुणी यायचं राहिलेलं नाही असं तुम्ही तोंडानं न बोलता बोललात. हे कुणी कुणाला बसवून शिकवत नाही. ताट हातात धरता आलं की पोर आपोआप घास ठेवायला लागतं. बिस्किटाचा घास ठेवत नाहीत, सॉसेजचा तर नाहीच, कारण ते कुणाच्या हातचं नसतं. हातानं केलेलं असेल तरच. आणि त्या दिवशी तर देउझाच्या हातचं होतं, म्हणून पोरांनी घास जरा मोठाच ठेवला होता. कुणासाठी, ते सांगायला नको.

आई तिथेच उभी होती. एकामागून एक ताटं येताना बघून तिनं पदराला हात पुसावा तसं एप्रनला तोंड पुसलं.

"बघ देउझा," नाझिता मावशी म्हणाली, "एकही पोर विसरलं नाही."

आम्हाला वाटलं, जिंकलो. खरंच तसं वाटलं! मी रेनाल्दोला टाळीसुद्धा दिली. आणि लोरेना मॅडम सगळे घास पातेल्यात गोळा करून काट्यावर ठेवत होत्या.

"देउझाताई," त्या हळूच म्हणाल्या, "मला कसं सांगावं कळत नाहीये. मुलांना फारसं आवडलेलं दिसत नाही."

नाझिता मावशीला हसूच फुटलं. "आवडलं नाही? अहो बाई, तो रेन्या बोटं चाटत होता, थोडक्यात स्वतःचा हात खायचा राहिला!"

"पण उरलंय ना इतकं. हे बघा."

"उरलंय कुठे? ठेवलंय."

"कुणासाठी?"

नाझिता मावशीचं हसू थांबलं. तिनं आईकडे बघितलं, आई पातेल्याकडे बघत राहिली. मग मीच पुढे झाले. नदीवरच्याचा घास म्हणजे काय, तो का ठेवतात, सॉसेजला का ठेवत नाहीत, सगळं मी एका दमात सांगितलं. बाबांचंही सांगितलं. लोरेना मॅडम ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी काट्यावरचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, आत बघितलं, आणि आवाज होऊ न देता ओट्यावर ठेवलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण मी हे वर कसं सांगू गं? ते विचारणार, किती उरलं. कुणाची तरी वाट बघतायत असं उत्तर चालत नाही तिथे." मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "चाचणी परत घेता येते. एकदा. पुढच्या फेरीला मी येईन. मुलांना आधी सांगून ठेवा, त्या दिवशी संपवायचं. एवढंच!"

"असं नाही सांगता येत," आई म्हणाली.

"मग तो घास वाढायच्या आधीच बाजूला काढा. मी तो मोजणारच नाही."

"आधी काढला तर तो कोंबड्यांचा," नाझिता मावशी म्हणाली. "आपल्याला भूक असताना, आपल्या तोंडचा राखला, तर त्याचा. आणि ज्या पोराचा बाप पाण्यावर आहे ना, त्याला तुम्ही काहीही सांगा. ते पुसून खाणार नाही. तुम्ही खाल्लं असतंत?"

लोरेना मॅडमनी मान हलवली. नाही म्हणून.

संध्याकाळी सगळं गाव नावा बांधायच्या जागी जमलं. आमच्याकडे बोलावणं वगैरे लागत नाही, नाझिता मावशीला बातमी कळली की झालं. जो तो आपली अक्कल सांगत होता. कुणी म्हणालं, पोरांना दोन दिवस उपाशी ठेवा. कुणी म्हणालं, वडे इतके छोटे करा की घासच होणार नाही. शेवटी कास्सियानो काका उभा राहिला. हा माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. बोलायला लागला की बोटीचं इंजिन.

"अरे, डोकी कसली खाजवताय! त्या दिवशी कुणी पाण्यावर जायचंच नाही. सगळ्या नावा काठाला, सगळे बाप्ये काठाला. मग घास ठेवायचा कुणासाठी? माझ्या सासूसाठी?"

"तू एक अख्खा दिवस घरात बसणार?" त्याची बायको ओरडली. "त्यापेक्षा मीच जाते पाण्यावर!"

हशा पिकला. जो तो हो म्हणायला लागला. मासा एक दिवस थांबेल, देउझा गेली तर परत येणार नाही, असं म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या. मी तर उड्याच मारायच्या बेतात होते. आणि मग एकेकाच्या लक्षात आलं. कुणी नाव घेतलं नाही. नुसत्या माना आईकडे वळल्या आणि परत फिरल्या. कास्सियानो काका पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला.

काठावर न येणारा एक जण होताच.

आई म्हणाली, "अंधार पडतोय, पोरांना जेवायला घाला." आणि निघून गेली.

पुढचे दिवस ती शेडमध्ये पिराकुई परतत होती आणि मी शाळेतून आले की तिच्यासमोर बसून काटे काढत होते. इतर वेळी आम्ही दोघी खूप बडबडतो. गावातल्या सगळ्यांच्या नकला करतो, तिला कास्सियानो काकाची चांगली जमते. त्या दिवसांत ती काही बोलत नव्हती. शेवटी मी म्हटलं,

"आई, त्या दिवशी सगळे काठावर असणार आहेत."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय?"

"पोरं घास ठेवणारच. बाबांसाठी."

तिनं वल्हं तव्यावरून तसंच फिरवलं. आम्ही पिराकुई परतायला छोटं वल्हंच वापरतो. हे बाबांनी कोरलेलं होतं.

"तुला मानाउसला जायचंय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग बाबांचं कुणीतरी..."

"केलियाने, मासा करपतोय."

मासा करपत नव्हता. मी तरी उठून निखारे मागे ओढले.

मी तिला दोष देत नाही. मलाही कुणी विचारलं असतं, तुझे बाबा आहेत की नाहीत, तर मी काय सांगितलं असतं? माणूस गेल्यावर ठेवतात ती प्रार्थनासभा बाबांसाठी झालेली नाही. फादर दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा आईनं त्यांना कॉफी दिली आणि विषय बदलला. ती घास ठेवते तोपर्यंत गाव ठेवतं. रीतच आहे तशी. ज्याच्या घरचा माणूस, त्यानं संपलं म्हटलं की संपलं, बाकी कुणाला तो अधिकार नाही. कास्सियानो काकालाही नाही.

दुसऱ्या चाचणीचा दिवस उजाडला आणि आमचं गाव असं दिसत होतं की मला हसूच आवरेना. सगळ्या नावा काठाला ओळीनं बांधलेल्या. सगळे बाप्ये काठावर, काय करावं ते न कळून बसलेले, पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखे. कास्सियानो काकानं तर भांग पाडला होता! बायकांनी संधी सोडली नाही. गावातल्या मोडक्या खुर्च्या, गळकी छपरं, उंदरांनी कुरतडलेलं दार, सगळं दुपारच्या आत दुरुस्त झालं.

सरांनी लहान मुलांना खिडकीशी नेलं. "बघा, सगळे आहेत ना? नीट बघून घ्या."

पोरं ओरडायला लागली. "बाबा! जाणार नाही ना?"

"नाही रे! इथेच आहे! खा तू पोटभर!"

"आजोबा! पाय पाण्यात का घातलाय? बाहेर काढा!"

आजोबांनी खरंच पाय बाहेर काढला.

लोरेना मॅडम काटा घेऊन एका कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण त्यांचे हात सारखे काट्याच्या कडेवरून फिरत होते. आई वाढत होती. त्या दिवशी तिनं नाझिता मावशीला पळीला हात लावू दिला नाही.

वडे मागच्यापेक्षा छान झाले होते. पोरं जेवली. आणि जेवण संपत आलं तसं एकेकाचं तोंड थांबायला लागलं. मी पाचवीच्या बाकांवर बघितलं, तिथे सगळ्यांच्या ताटांत घास. आमच्या वर्गात मुली एकमेकींकडे बघत होत्या. रेनाल्दोनं शेवटचा घास हातात घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ताटात ठेवला. आज काय करायचंय हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी सगळ्यांच्या आयांनी घरी सांगितलंच होतं, की उद्या संपवा, देउझा मावशीसाठी संपवा. पण ती बाजूलाच पळी घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर ते कोण खाणार?

तेवढ्यात पहिलीतली रुतिएले उठली. एवढीशी आहे ती, ताट तिच्यापेक्षा मोठं. ताट दोन्ही हातांनी धरून चालत चालत ती आईपाशी आली.

"देउझा मावशी, माझे बाबा काठावर आहेत. मी बघितलं."

"हो गं, आहेत."

"पण ओरिवाल्दो काका नाहीत. मी सगळीकडे बघितलं."

नाझिता मावशी पुढे झाली. "ए पोरी, जा, जागेवर बस जा."

"राहू दे तिला," आई म्हणाली.

तिनं पळी पातेल्यात ठेवली, हात पुसले आणि रुतिएलेसमोर खाली बसली. काठावरच्या बाप्यांचं बोलणं आत ऐकू यायला लागलं.

"खाऊन टाक," आई म्हणाली.

"मग काका आले की?"

"नाही येणार गं ते."

"उद्या?"

"उद्या पण नाही." आई थांबली. तिनं रुतिएलेच्या कपाळावरचे केस मागे केले, मग उगाचच परत केले. "नाव आली ना परत, ती उलटी. तो नाही आला. त्याला खूप वेळ दिला आपण. आता तो यायचा नाही. नदीवर कुणी नाही आज. तू खा, गार होतंय."

रुतिएलेनं तिथेच, तिच्यासमोर उभं राहून, तो घास तोंडात घातला. लहान मुलं चावतात तसा खूप वेळ चावला. गिळला. मग तिनं ताट तिरपं करून आईला दाखवलं.

"शाबास," आई म्हणाली.

मग बाकीच्यांनी खाल्लं. मला फक्त चमच्यांचा आवाज आठवतो. आमच्या वर्गातल्या दोघी रडत रडत खात होत्या. रेनाल्दोनं मान वर केली नाही.

लोरेना मॅडम ताटं घेत फिरल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा माझ्या ताटात घास तसाच होता. मी वर्गात पहिली उभी राहिलेली मुलगी, गावभर सांगत फिरलेली मुलगी, आणि माझाच हात उचलत नव्हता.

"राहू दे," त्या पुटपुटल्या. "एका ताटानं काही होत नाही. खरंच."

"नाही," आई लांबून म्हणाली. मी वळून बघितलं. ती पातेल्याला धरून उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. "तिचंही घ्या. घरच्याच पोरीनं ठेवला तर मग काय."

मी खाल्ला. त्याला चव होती की नाही मला सांगता येणार नाही. पाण्याबरोबर उतरवला.

काट्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. चार शितं आणि कुणीतरी वेचून काढलेला कांदा. लोरेना मॅडमनी ते बघितलं, उठल्या आणि आईला मिठीच मारली. पोरांना तेवढंच हवं होतं. कसला गलका केला! बाक वाजवले, सर ओरडत राहिले, कुणी ऐकेना. काठावरून कास्सियानो काका चिखलाच्या पायांनी धावत वर आला.

"झालं?"

"झालं," नाझिता मावशी म्हणाली.

त्यानं दोन्ही हात वर करून अशी काही आरोळी ठोकली की पत्र्यावरचे पक्षी उडाले. "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? एकाही पोरानं ठेवला नाही ना? सगळे काठावर, तर ठेवणार कुणा..."

तिथे तो थांबला. त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"एकानंही नाही?" त्यानं विचारलं.

"देउझानंच सांगितलं पोरांना," नाझिता मावशी म्हणाली.

काकानं टोपी काढली. त्याचा तो पाडलेला भांग पार विस्कटला होता. तो शाळेच्या पायरीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. बाबांची नाव त्यानंच ओढत आणली होती, तेव्हासुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. आई जाऊन त्याच्या शेजारी बसली. त्याची टोपी पाण्यात पडेल म्हणून तिनं ती उचलून आपल्या मांडीवर ठेवली. मी दोघांच्या मागच्या पायरीवर बसले, कारण पुढे जागा नव्हती.

लोरेना मॅडमची बोट गेली. जाताना त्या सांगून गेल्या, की पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी, सगळ्या शाळेला पुरेल एवढी पिराकुई लागेल. मानाउसच्या मावशीला निरोप पाठवायला हवा होता, येत नाही म्हणून. बाप्ये एकेक करून आपापल्या नावांकडे निघाले, अर्धा दिवस तरी हाताशी होता.

नाझिता मावशी हात पुसत आमच्यापाशी येऊन उभी राहिली. कसं विचारावं ते तिला सुचत नव्हतं, आणि तिला सुचत नाही असं कधी होत नाही.

"देउझा," ती म्हणाली, "या वेळच्या बोटीनं फादर येतील. त्यांना सांगू का? ओरिवाल्दोच्या प्रार्थनेचं?"

आईनं काकाची टोपी त्याच्या हातात दिली आणि उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली. "पण सकाळची ठेवायला सांग. दुपारी आता मला शाळेचं करायचं असतं."